पाकिटातलं पान

मित्रांनो, मी एक जुनी, वाळकी फांदी आहे. उंच डोंगरावरच्या लाल फुलांच्या झुडपाची. साठ वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांनी मला तोडलं, दाबून वाळवलं आणि जाड कागदावर चिकटवून घेतलं. तेव्हापासून झाडापानांचे नमुने ठेवायच्या खोलीत, लोखंडी कपाटात पडून आहे. नुसतं पडून राहण्याचाही शीण येतो, हे तुम्हाला आत्ता नाही कळायचं.

माझं फूल लाल, म्हणून प्राध्यापकांनी मला लाल फुलवाल्यांच्या फाइलीत घातलं. "सख्खी भावंडं आहेत ही," म्हणाले. त्या भावंडांशी माझं कधी जमलं नाही, पण मला विचारतो कोण?

तेव्हा मला नऊ पानं होती आणि कौतुक तर विचारू नका. लांबलांबून अभ्यासक यायचे, एकच पान घेतो म्हणायचे आणि कात्री चालवायचे. एकेक करत नऊही गेली. पुढे खाणीने माझा डोंगर पोखरला. आमच्यातलं एकही झुडूप तिथे राहिलं नाही. उरले ती मी, नुसती काडी आणि एक सुकलेलं फूल.

विचारपूस करणारे एकटे गोंदकाका. नमुने चिकटवणं हे त्यांचं काम. कागदावरून काही गळलं की ओल्या बोटाने टिपून ते त्याच कागदाच्या कोपऱ्यावर चिकटवलेल्या छोट्या पाकिटात ठेवायचे. झाडणारा हसायचा, "काका, कचरा कसला जपताय?"

"कचरा तुला. तिचंच आहे ते."

मग साहेबांचा हुकूम निघाला, पानं नसलेले नमुने रद्दीत काढा. माझ्या कागदावर फुली पडली. त्याच आठवड्यात एक संशोधक बाई आली. डोंगरी झुडपांची आपसातली नाती तिला डीएनएवरून शोधायची होती. तिने माझा कागद उजेडात धरून नीट पाहिला.

"काका, हिच्यावाचून सगळं अडलंय. आणि हिला एक पान नाही."

"पाकीट उघडलंत का, मॅडम?"

त्यात अर्धं पान निघालं, कधीतरी कात्री चालताना गळलेलं.

काही महिन्यांनी उत्तर आलं. लाल फुलवाल्या माझ्या जवळच्या कुणीच नव्हत्या. लाल रंगावर पक्षी येतात, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांनी तो आपापला धरला होता. माझी सख्खी बहीण निघाली पांढऱ्या फुलांची, दरीपलीकडच्या शिखरावरची. फार पूर्वी थंडी वाढली तेव्हा आमचे पूर्वज एकाच दरीत उतरले होते. ऊब आली तसे पुन्हा वर सरकले, कुणी या शिखरावर, कुणी त्या, आणि वेगळे होत गेले. साठ वर्षं ती माझ्यापासून चार कपाटं पलीकडे पडून होती.

काकांनी फुली खोडली आणि आम्हा दोघींना एका फाइलीत ठेवलं. "घ्या, बसा आता बोलत," म्हणाले. बोलायला त्राण कुणात आहे? पण बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, माझ्या पाकिटात आता चिमूटभर चुरा उरलाय. बहिणीला मात्र अजून सात पानं आहेत. कात्री घेऊन याल, तेव्हा आधी तिचं पाकीट उघडून बघा.