मॅलकीच्या खोलीची खिडकी

मॅलकी गेला तेव्हा खाली हॉटेलच्या पाहुण्यांचा नाश्ता चालू होता. माझा हात त्याच्या हातात, चहा अर्धा तसाच. मी त्याचे डोळे मिटवले आणि लेकाला म्हटलं, "कोर्मॅक, खिडकी उघड."

आमच्याकडे माणूस गेला की आधी खिडकी उघडतात, रडतात मग. आत्म्याला वाट नको?

कोर्मॅकनं खिडकी वर सरकवायला जोर लावला. मान लालबुंद झाली, खिडकी ढिम्म.

"आई, रंगानं चिकटलीय गं."

चिकटणारच. बाप अंथरुणावर पडला म्हणून ह्यानंच गॉलवे शहरातून रंगारी आणलेला. त्या शहाण्यानं सगळ्या खिडक्या बंद ठेवून वरून पांढरा रंग थापला.

"मग दुसरी उघडू या," सून ग्रोन्या म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

ह्या खोलीला दुसरी खिडकी फक्त बाहेरून आहे. हे घर बांधणारी जॉर्ज राजांच्या काळातली माणसं. दाराच्या उजवीकडे जे, ते डावीकडे हवंच. इथं मध्ये धुराडं आलं, तर बाहेरच्या भिंतीवर चौकट बसवून तिच्यात काळ्या काचा रंगवल्या आणि मोकळे झाले. पाहुणे अंगणातून बोट दाखवतात, 'तिथून तळं छान दिसत असेल नाही?' मॅलकी म्हणायचा, "दिसतं की. फक्त डोकं विटांतून बाहेर काढावं लागतं."

छप्पर असलेल्या घरावरचा कर चुकवायला लोक असल्या घरांची छपरं उतरवत होते, तेव्हा माझ्या बापानं हे घर घेऊन हॉटेल काढलं. मॅलकी आला खिडक्या दुरुस्त करायला. दोऱ्या बदलल्या, खिडकी तोलून धरणारी भिंतीच्या पोटातली लोखंडी वजनं पुन्हा टांगली, आणि माझ्या हातात मेणबत्तीचा तुकडा देऊन म्हणाला, "नुसती बघत काय उभी राहिलीस? खोबणीत घास." मला, मालकाच्या लेकीला! मी घासलं. मग दर पानगळीला आम्ही दोघं घरभर मेण घासत फिरायचो. गाव म्हणायचं, ब्रिडीनं नवरा केला की खिडक्या केल्या?

"काच फोडू का?" कोर्मॅक म्हणाला.

"आधी तुझं टाळकं फोडीन."

जुनी काच ती, लाटालाटांची. तिच्यातून तळं हलतं, झाडं पोहतात. लहानपणी कोर्मॅकच्या चेंडूनं एक तावदान फुटलं, तिथं नवी सपाट काच आली. मॅलकी त्या तावदानातून कधी बघायचा नाही. म्हणायचा, "ह्यातून तळं मेल्यासारखं दिसतं."

"ग्रोन्या, बटाटे सोलायची सुरी आण. धारेची. आणि मेणबत्ती."

सुरीचं टोक फटीत घालून मी चौकटीभोवती फिरवलं. रंगाच्या साली मॅलकीच्या पांघरुणावर पडल्या. कोर्मॅक पुन्हा ओढायला धावला.

"ओढू नको रे! ठोक. तळहातानं, कडेकडेनं. रुसलेल्या माणसाच्या पाठीवर थोपटतात तसं."

त्यानं थोपटलं. मी मेण घासलं. आणि खिडकी सुटली. भिंतीत वजनं गडगडत खाली गेली. रोज सकाळी ह्याच आवाजानं आमचं घर जागं व्हायचं. मॅलकी पडल्यापासून तो कुणी ऐकला नव्हता.

खाली पायऱ्यांवर, दरसाल येणाऱ्या म्हाताऱ्या टनीबाई उन्हात बसल्या होत्या. त्यांनी वर न बघताच हाक दिली, "अगं ब्रिडी, उठला वाटतं मॅलकी! बरं वाटतंय ना त्याला?"

ग्रोन्यानं तोंडात अ‍ॅप्रन कोंबला. खिडकीपुढं उभं राहायचं नाही, जाणाऱ्याची वाट अडते, म्हणून मी भिंतीला टेकूनच उत्तर दिलं, "उठला, टनीबाई."

वारा आत आला, पांघरुणावरच्या रंगाच्या साली उडाल्या. आम्ही तिघं पलंगाशी टेकलो. चहा पार निवला, तेव्हा कोर्मॅक उठला. रीतच आहे, थोड्या वेळानं खिडकी लावून घ्यायची, गेलेला माघारी फिरू नये म्हणून.

"राहू दे," मी म्हटलं.

"आई, अगं बाबा परत येतील."

"येऊ देत. मागच्या जिन्यातली खिडकी अजून चिकटलेलीच आहे. ती कोण सोडवणार, तुझा रंगारी?"