गादीची आतली बाजू

डेट्रॉइटमध्ये तेव्हा मोटारी नव्या होत्या आणि त्या बांधणारे हात जुनेच, घोड्याच्या बग्ग्यांवर तयार झालेले. अशाच एका कारखान्यात ओटिली गाद्या शिवणाऱ्या बायकांची मुकादम होती. कारखान्याचा मालक पेल साहेब, त्यानं तिला सकाळीच सुनावलं, गादीचा खर्च उतरला नाही तर बायकांची नगामागची मजुरी कापणार. बायकांचं सगळं हातावर पोट. ओटिलीनं ठणकावलं, मजुरीला हात लावायचा नाही, खर्च मी चामड्यातून काढून दाखवते.

चामडं कापून गाद्या मढवायचा तिचाच बाप, लिओपोल्ड. गादीची जी बाजू लाकडी चौकटीत कायमची झाकली जायची, तिथंही हा गृहस्थ सगळ्यात महागडं, अखंड कातडं लावायचा. त्याला तुकडे जोडा म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी ओटिलीनं त्याची एक तयार गादी टेबलावर उलटी टाकली आणि सगळ्यांदेखत तिच्यात सुरी घातली.

"बघा साहेब, तुमचा पैसा बायकांच्या सुईतून गळत नाही. तो इथं आत दडलाय. इथं तुकडे चालतील."

साहेबानं उद्या सकाळी तुकड्यांची नमुन्याची गादी मागितली. बापानं लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला फार लागलं ते, पण सुरी चालवल्याचा पस्तावा नव्हता.

संध्याकाळी भोंगा झाला, सगळे गेले, तरी म्हातारा नमुन्यापाशी बसून होता. तुकडेच जोडत होता, पण इतक्या बारीक टाक्यांनी की सांधा बोटाला लागू नये.

"बाबा, उठा. तिथं कोण बघणार आहे?"

"मी बघतोय ना. आणि भोंगा झालाय. हा वेळ माझा, साहेबाच्या बापाचा नाही."

"साहेब उद्या हेच काम बघेल आणि याच मजुरीत सगळ्यांकडून मागेल. तुमच्या फुकटच्या टाक्यांपायी माझ्या बायका मरतील, बाबा."

मग म्हाताऱ्यानं आपलेच टाके उसवले आणि ढोबळ घालायला घेतले. हात वळेना. पुन्हा बारीकच पडले. शेवटी त्यानं गादी तिच्यापुढं सरकवली.

"तूच घाल. मला वाईट शिवता येत नाही."

ओटिलीनं सुई घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत लांब लांब टाके घातले.