चुलीतली नळी

बायको जमुना गेली तेव्हा तेजराम तिरोड्याच्या वीजकेंद्रात, वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरच्या आत बसून नळ्या घासत होता. मोबाइल गेटवर जमा होता. सुपरवायझर केशोराव झाकणाच्या भोकातून वाकून म्हणाला, "तेजराम, बाहेर ये. घरून माणूस आला." धान उकडता उकडता ती अंगणात जरा टेकली होती, ती उठलीच नाही.

तेरवी झाल्यावर मुलगी चंचल म्हणाली, "बाबूजी, मी परत जायच्या आधी हे चूल पाडून टाकू. गिझर लावा. एकटे कायले धुरात बसता?"

"तुह्या आईची चूल आहे."

"अन् तिची नळी चालली का कधी?"

ते खरंच होतं. रांधता रांधता अंघोळीचं पाणी तापावं म्हणून जमुनाच्या सांगण्यावरून त्यानं दोन हिवाळ्यांपूर्वी चुलीच्या भिंतीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवलं होतं. माचावरच्या ड्रममधून पाणी यायचं आणि खालच्या तोटीतून कोमटच पडायचं. जमुना शेजारणींना सांगायची, "कंपनीच्या हजारो नळ्या सांभाळते हा माणूस. माही एक नाही जमून राहिली त्याले." तो लाकडं ओली असल्याचं सांगायचा. ती हसत चुलीवर हंडा चढवायची.

"परवापर्यंत थांब," तो चंचलला म्हणाला. "नाही तापलं तर मीच सब्बल मारून पाडतो."

दुसऱ्या दिवशी चूल पेटवून तो नुसता ऐकत बसला. नळी गुरगुरत होती. कामावर हा आवाज आला की तो पोरांवर ओरडायचा, हवा काढा रे, वरच्या नळ्या कोरड्या राहून राहिल्या. घरी मात्र ड्रम उंच आहे म्हणून त्यानं पाणी वेटोळ्यात वरूनच सोडलं होतं. ते नळीच्या एका कडेनं घसरून खाली पळत होतं. वेटोळं कधी भरलंच नव्हतं.

त्यानं चूल विझवली, जोड उलटवले. गार पाणी खालून आत, तापलेलं वरून बाहेर. काजळी खरवडली. चूल पुन्हा पेटवली आणि तोटी अर्धीच उघडली, म्हणजे पाणी विस्तवाजवळ जरा रेंगाळेल.

चंचलनं बादलीत हात घातला आणि झटकन काढला.

"काऊन, पाडायची चूल?"

"राहू द्या." मग हात पुसत ती म्हणाली, "आई असती तर दोन वर्षं टोमणे मारले असते तुम्हाले."

"दोनच? जन्मभर."

चूल राहिली. न्हाणी अंगणाच्या पलीकडे आहे. तिथपर्यंत नळी टाकायची अजून बाकी आहे.