पत्ती काढलेली क्लॅरोनेट

मी क्लॅरोनेट बोलतेय. आणि आधीच सांगून ठेवते, रागात बोलतेय. गोड ऐकायची सवय असेल तर आज दुसरीकडे जा.

माझा जन्म मेरठचा. काळं लाकूड पोखरून, भोकं पाडून, वर चकचकीत चाव्या बसवून मला तयार केलं आणि खोक्यात घालून रेल्वेत टाकलं. भंडाऱ्याच्या एका दुकानात पितळी घागरींच्या शेजारी मी पावणेदोन वर्षं पडून होते. गिऱ्हाईक यायचं, मला डोळ्याला लावून दुर्बिणीसारखं आतून बघायचं आणि घागर घेऊन जायचं.

मग सानगडीचा चंद्रकुमार आला. त्याने मला डोळ्याला लावलं नाही. खिशातून स्वतःची पत्ती काढली, तोंडात भिजवली आणि माझ्या टोकाला बसवली. पत्ती म्हणजे माझी जीभ. वेतासारख्या काडीची ती पातळ पट्टी थरथरली तर मी बोलते. ती नसेल तर कितीही फुंका, नुसता वारा. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले आणि दुकानदाराने वजन करायला घेतलेली घागर तशीच हातात धरून ठेवली.

दोन वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढून चंद्रकुमार नंदलालजींच्या नाटक मंडळीत लागला. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. रंगमंचासमोर ऑर्गन, तबला आणि आम्ही. आमच्यापुढे कागद नसायचा. चंद्रकुमारचे डोळे नटांवर आणि बोटं माझ्यावर. एखादा नट वाक्य विसरला की त्याला आठवेपर्यंत हा सूर ओढून धरायचा. लोक म्हणायचे, काय दुःखी नट आहे हो! दुःख आमचं आणि टाळ्या त्याच्या. पण तेव्हा मला राग येत नसे, कारण ते आमचं काम होतं. असं सव्वीस वर्षं चाललं.

चार वर्षांपूर्वी ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला आणि तो वाजवायला भूषण आला. पोरगा वाईट नाही. चंद्रकुमारच्या पाया पडायचा, त्याला आधी चहा द्यायचा. म्हणूनच फसलो. यंदा गणपतीनंतर एका दुपारी तालमीच्या खोलीत त्याने विषय काढला.

"काका, सप्पा सूर एक-एक करून वाजवा न. आठवण म्हणून ठेवतो."

आणि हा माझा शहाणा धनी! आठवण म्हटल्यावर इतका फुगला की त्या रात्री माझ्या चाव्यांना तेल दिलं, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खालपासून वरपर्यंत माझे सप्पा, म्हणजे सगळेच्या सगळे सूर भूषणच्या माइकात ओतले. एखादा सूर जरा हलला तर भूषण म्हणायचा, चालते काका. आणि हाच म्हणायचा, "थांब गा, बराबर नाही लागला, पुन्यांदा घेतो." चोराला शिडी धरून दिली, वर म्हणाला, सांभाळून चढ!

घरी आनंदाबाईला, म्हणजे बायकोला, त्याने कौतुकाने सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "सप्पा देऊन आले? एक तरी ठेवाचा होता घरी."

तिला माझ्यातलं काही कळत नाही असं तो नेहमी म्हणतो.

भूषणने ते सूर कीबोर्डच्या पेटीत भरले. दिवाळीच्या तोंडावर नंदलालजींनी चंद्रकुमारला बोलावलं. "पेटीतून तुमचाच आवाज येऊन राहिला न, चंद्रकुमारजी. तुम्ही फक्त बसा. पब्लिकले क्लॅरोनेटवाला दिसला पाहिजे. आन् चुकून चीं झालं त माइकमधी येईन, म्हणून पत्ती काढून ठेवा."

मला वाटलं, आता हा उठेल. हा उठला नाही. याने मान डोलावली. आपली खुर्ची राहिली एवढंच त्याला दिसलं. पत्ती काढून खिशात ठेवली आणि अकरा गावांत मला तोंडाला लावून खोटी बोटं फिरवली. माझ्याच आवाजात ती पेटी गात होती आणि मी जीभ छाटलेल्या बाईसारखी त्याच्या ओठांशी बसून होते. लाज वाटली. त्याची जास्त वाटली.

बारावं गाव करडी. रात्रभर चाललेलं नाटक सकाळी सुटलं, लोक सतरंज्या झटकत होते. दरसाल पुढच्या रांगेत बसणाऱ्या म्हाताऱ्या जानकीबाई आमच्याकडे आल्या.

"भाऊ, तब्येत बरी नाही का तुमची?"

"काहून, बाई?"

"नाटकात पोरगी सासरी जाते न, तथी दरसाल तुमचा श्वास तुटते. तो तुटला का मले रडू येते. औंदा तुटलाच नाही. मी रडलीच नाही."

चंद्रकुमारने खिशातली पत्ती काढून त्यांना दाखवली. मग म्हणाला, "बाई, मी वाजवलंच नाही. ते पेटीतून आलं."

"मंग तुम्ही तथी कायले बसले होते?"

म्हातारीने रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

नंदलालजी मागे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. वाटलं, माणूस आहे, शरमेल. छे! तिसऱ्या दिवशी भूषण माइक घेऊन घरी हजर. "काका, तो श्वास तुटते न, नंदलालजी म्हणतात तेवढा रेकॉर्ड करून द्या."

श्वाससुद्धा! चंद्रकुमारने मुकाट्याने पत्ती भिजवली. जन्मभर मी याच्याकडे फुंक मागत आले, त्या दिवशी पहिल्यांदा विनवलं, फुंकू नको रे, मेल्या. त्याने फुंकलं. पोरगी सासरी जातानाची सगळी धून वाजवली. श्वास तुटला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"काका, तुटत काहून नाही?"

"तथी पोरगीचं काम करणारी रिता जाता जाता वळून पाहे गा, म्हणून तुटे. इथं कोणाले पाहू? तुह्या मोबाइलले?" मला मांडीवर ठेवून तो पुढे म्हणाला, "सांग नंदलालजीले. वाजवाले बोलावलं त येतो. बसाले नाही."

भूषण माइक गुंडाळून गेला. जाताना पाया पडायला मात्र विसरला नाही.

याला महिना झाला. मंडईचे दिवस सरत आलेत आणि बोलावणं आलेलं नाही. चंद्रकुमार रोज दुपारी मला वाजवतो, आनंदाबाई उंबऱ्याशी बसून ऐकते. माझा राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तुमच्या गावच्या मांडवात क्लॅरोनेटवाला दिसला तर त्याच्या गालांकडे नीट बघा. गाल फुगत नसतील तर नाटक चालू असतानाच उठा आणि तो तिथे कशाला बसलाय ते मोठ्याने विचारा. फक्त त्याला विचारू नका. त्याला एकदा विचारून झालंय. पडद्यामागे जा आणि मालकाला विचारा.