एका नीलमाची जोड

पियतिलकने डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि पांढऱ्या फडक्यावरच्या दोन नीलमांकडे पाहिलं. रंग जुळत नव्हता. मग तळहात उजव्या डोळ्यावर नेला. जुळला की! पुन्हा डावा झाकला. पार बिनसलं.

सकाळपासून हे आठ-दहा वेळा झालं होतं. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको यसवती नारळ खवत बसली होती. तिला आता हसू आवरेना.

“अहो, या वयात खड्यांना कसले डोळे मारताय?”

“तुला चेष्टा सुचतेय. इथे माझी मती गुंग झालीय.”

आणि खरंच झाली होती. रत्नपुरात चाळीस वर्षं नीलम घासलेला माणूस. दलाल खडा हातावर ठेवायचा अवकाश, हा त्याचा माथा, म्हणजे वरची सपाट बाजू, कुठे काढायचा ते सांगून मोकळा व्हायचा. पण तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि घरात दोन माणसं भांडत असल्यासारखे त्याचे दोन डोळे भांडायला लागले. उजव्याला सगळं निळसर दिसायचं. शर्ट निळसर, भात निळसर, शेजारच्याची पांढरी गायसुद्धा निळसर. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी होतं. तो बिचारा पूर्वीसारखाच, सगळं गोड मानून घेणारा.

फडक्यावरचा एक नीलम त्याच्याच हातचा होता, चोविसाव्या वर्षी घासलेला. वाड्यावरच्या म्हाताऱ्या लोकु मेणिकेच्या कुड्यांतला. दुसरी कुडी मागच्या पावसाळ्यात हरवली, आणि नातीचं लग्न तर तोंडावर आलं. नात पाटावर उभी राहील तेव्हा तिच्या कानात तीच जोडी हवी, असा म्हातारीचा हट्ट. तिने चार महिने दलाल पिटाळून हा एक कच्चा खडा मिळवला होता. असा दुसरा मिळायचा नाही, हे दलालाने तिला सांगितलं होतं आणि तिने पियतिलकला, दोनदा.

नीलमाचं असं असतं की तो एका रंगाचा नसतोच. हा कच्चा खडा उभा धरला की निळा दिसे आणि आडवा धरला की हिरवटाकडे झुके. माथा आडव्या बाजूला काढला तर ऐसपैस, हरवलेल्याच्या मापाचा खडा निघाला असता, चार पैलू चुकले तरी चालले असते. उभा काढायचा तर निम्मा खडा घासून फेकायचा आणि उरेल तो जेमतेम मापाचा. जरा हात हलला की लहान झालाच म्हणून समजा.

डावा डोळा म्हणत होता, आडवा काप, छान जुळतोय. उजवा म्हणत होता, भलतंच काय, हा हिरवा आहे, उभा काप.

“कुणाचं ऐकायचं गं?” पियतिलक म्हणाला. “उजवा आत्ता आला, परवा. डाव्याने आजवर पोसलंय आपल्याला. आणि उजव्याला तर तुझा खवलेला नारळही निळा दिसतोय.”

यसवतीने खवणीवरून हात काढला. “नारळ निळा दिसतो ना? मग दोन्ही खडेही निळेच दिसणार. तुमच्या डोळ्याला निळी काच लावली असली तरी ती दोघांवर सारखीच की. तरी वेगळे दिसतात म्हणजे वेगळेच असतील.”

पियतिलक तिच्याकडे बघतच राहिला. बाई जन्मात कधी खडे घासायच्या साणेवर बसली नव्हती.

“आणि डावा?”

“डाव्याला फरकच कळत नसेल.”

हे ती सहज बोलून गेली. पण पियतिलक मनात हिशेब करायला लागला. डाव्याला फरक कळत नसेल, तर ऑपरेशनाआधी उजव्यालाही कळत नव्हता. मग गेली पाच-सहा वर्षं त्याने ज्या जोड्या लावल्या, कोलंबोच्या पेढ्यांवर पाठवल्या, छाती पुढे काढून “घ्या, जुळी भावंडं” म्हणून दिल्या, त्या काय होत्या? त्याला एकदम रडू येईल असं वाटलं. लोकांनी पाहिलं असेल आणि म्हातारा आहे म्हणून सोडून दिलं असेल. का कुणी पाहिलंच नसेल? यातलं कुठलं जास्त वाईट, हेही त्याला ठरवता येईना.

“चुकलो तर?” तो म्हणाला. “तिच्याकडे दुसरा खडा नाही. माझं नाव तर मातीत जाईलच, पण त्या पोरीच्या कानात काय घालायचं?”

“आणि न कापता परत दिलात तर?”

“तर म्हणतील, पियतिलक संपला.”

“म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर,” यसवती म्हणाली आणि नारळाची दुसरी वाटी उचलली. “ज्योतिषाने खडा साणेला लावायला उद्या सव्वासातची वेळ दिलीय. तोवर काय ते ठरवा.”

दुसऱ्या दिवशी सव्वासातला त्याने सामन देवाला हात जोडले, खडा लाखेने काठीला चिकटवला आणि उभा धरला. साण फिरली. पहिला पैलू पडेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. पुढचे पाच दिवस तो घासत होता, मोजत होता, स्वतःला शिव्या देत होता. खड्याची भुकटी बोटांवरून धुऊन जाताना दिसली की जीव तुटे. शेवटी खडा मापाला उतरला, पण इतका काठावर की आणखी एकदा साणेला लावायची त्याची छाती झाली नाही.

वाड्यावर त्याने दोन पुड्या नेल्या. उजव्या खिशात जुना नीलम, डाव्यात नवा. लोकु मेणिके व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, ताठ. शेजारी नात, उदारी. नोकराने चहा आणि ताडगुळाचा खडा आणून ठेवला.

“सगळे म्हणत होते, कोलंबोला द्या,” म्हातारी म्हणाली. “मी म्हटलं, जोडी त्याची, जोडही तोच करेल. काढ.”

पियतिलकने फडकं पसरलं. आपल्या डाव्या अंगाला नवा ठेवला, उजव्या अंगाला जुना. मग हात मांडीखाली दाबून बसला. त्याला दोन्ही सारखे दिसत होते. पण त्याला काय दिसतं यावर विश्वास कोण ठेवणार? तोही ठेवत नव्हता.

लोकु मेणिकेने त्याच्या डाव्या अंगाचा खडा उचलला, उन्हात धरला, आणि तिचा चेहरा उजळला.

“हा बघ! याला म्हणतात हात. चाळीस वर्षं झाली, पण पाणी जरा म्हणून हललेलं नाही.” मग तिने उजव्या अंगाचा उचलला आणि नाक मुरडलं. “आणि हा तुझा आत्ताचा. वाईट नाही. पण पियतिलक, खरं सांगते, तुझा हात गेला रे. यात ती जान नाही.”

अदलाबदल होतेय, हे सांगायला पियतिलकने तोंड उघडलं. मग मिटलं. हसू येतंय का रडू, तेच त्याला कळेना.

“खरंय, बाईसाहेब,” तो म्हणाला. “त्या वेळचा हात वेगळाच होता.”

“मनाला लावून घेऊ नकोस. चालेल हा. दोन्ही कान एकदम दिसतात कुणाला?”

उदारीने दोन्ही खडे उचलून एकाच पुडीत टाकले.

“अगं ए! एकत्र कसले करतेस? जुना कुठला, नवा कुठला, कळायला नको?” म्हातारी ओरडली. “वेगळे कर आधी.”

उदारीने पुडी उघडली. एक खडा उचलला, ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. मग तिने मान वर करून पियतिलककडे पाहिलं.

पियतिलकने ताडगुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि चहाचा घोट घेतला.