दोन्ही बाजूंनी दबलेला वॉशर

होडीच्या मोटरीच्या तळाचा स्क्रू तिने सैल केला आणि गिअरचं तेल बाहेर आलं ते थेट दुधाळ चहाच्या रंगाचं. ती हातातला पाना तसाच धरून बसली. चांगलं तेल मधासारखं स्वच्छ ओघळतं. त्यात पाणी शिरलं की घुसळल्यासारखं पांढुरकं होतं, आणि मग वंगण कमी, नाटक जास्त. असल्या तेलावर गिअर किती दिवस तग धरतील हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

मोटर एका मच्छीमाराची होती. आठच दिवसांपूर्वी इथूनच तेल बदलून गेली होती, आणि ते काम तिच्या वडिलांनी केलं होतं. अख्खा धक्का त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांच्या कामात खोट काढायची कोणाची टाप नव्हती. दोन वर्षांपूर्वी वर्कशॉप तिच्या हातात आलं, तरी अवघड मोटर आली की लोक तिच्या डोक्यावरून आत मास्तरांकडे बघायचे. याचा तिला राग यायचा, आणि अभिमानही वाटायचा.

मास्तर खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. "जाळ्याची दोरी गुंतली असेल पंख्यात," ते न बघताच म्हणाले. "पंख्यामागचं सील कापलं गेलं, तिथून पाणी शिरलं. त्याला शंभरदा सांगितलंय."

तिने पंखा काढला. दोरी नव्हती. सील शाबूत होतं. मग तळाचा स्क्रू होता त्याच वॉशरसकट परत बसवला, वरच्या भोकातून पंपाने हवा भरली आणि मोटरीचा खालचा भाग पाण्याच्या टाकीत सोडला. बारीक बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. ते सीलपाशी नव्हते, तळाच्या स्क्रूपाशी होते.

तिने स्क्रू काढून वॉशर उजेडात धरला. स्क्रू आवळला की वॉशरच्या मोटरीला टेकणाऱ्या बाजूवर खोल गोल वळ उठतो, दुसऱ्या बाजूवर तसा उठत नाही; आणि एकदा दबलेला वॉशर पुन्हा घट्ट बसत नाही. या वॉशरला दोन्हीकडे तसाच वळ होता.

जुना वॉशर उलटा करून पुन्हा लावायचा, ही मास्तरांची तरुणपणची सवय. तेव्हा नवे वॉशर यायला महिना लागायचा आणि ती हुशारी समजली जायची. आता फळीवर नव्या वॉशरची अख्खी पेटी होती, आणि असं पुन्हा करणार नाही असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

"बाबा, वॉशर उलटवलात?"

"चांगला होता तो."

"परवा मी तापाने पडले होते. तुमच्या जावयाच्या मोटरीचं तेल तुम्हीच बदललंत ना?"

मास्तर खिडकीतून पाण्याकडे बघू लागले.

तिचा नवरा अर्ध्या तासापूर्वी सहा प्रवासी घेऊन निघाला होता. पलीकडच्या किनाऱ्याला जायची वाट दोन खडकांच्या मधून होती आणि ओहोटी लागली होती. तिथे गिअर अडकला तर पाच मिनिटांत होडी खडकावर. तिने धावत जाऊन वायरलेस उचलला. त्यावरचं बोलणं धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांना ऐकू जायचं, पण दुसरा इलाज नव्हता.

"कुठे आहेस?"

"खडकांच्या अलीकडे," नवऱ्याचा आवाज आला. "आता शिरतोच आत."

"शिरू नकोस. गिअर टाकताना आवाज येतोय?"

"सकाळपासून कुरकुरतोय जरा. का गं?"

"मोटर बंद कर. नांगर टाक. तेलात पाणी गेलंय."

"तुला तिथे बसून कसं कळलं?"

तिने वडिलांकडे पाहिलं. सगळा धक्का ऐकत होता. "जुना वॉशर उलटवून लावला होता," ती म्हणाली. "मी. चूक माझी आहे."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मास्तर आले आणि त्यांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला. "ती खोटं बोलतेय. ती परवा अंथरुणात होती. वॉशर मी उलटवला."

पलीकडे नुसती खरखर. शेवटी नवरा बोलला, "नांगर लागला, मास्तर. होडी थांबलीय. माणसं ठीक आहेत. ओढायला कोणाला तरी पाठवा."

ती तिथेच जमिनीवर बसली. रडू येत होतं आणि वडिलांशी कडाकडा भांडावंसंही वाटत होतं.

तेवढ्यात दुसराच आवाज आला. "मास्तर, सोमवारी माझीही मोटर तुम्हीच केली होती."

"हो. तुझ्यातही जुनाच आहे. हळू परत ये."

मग तिसरा, एका तरुण नावाड्याचा. "आणि माझी, मास्तर? गेल्या महिन्यातली?"

मास्तरांनी माइक तोंडाशी धरला. कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, तिला तरी ठाऊक असेल अशा आशेने. तिलाही ठाऊक नव्हतं.

"आठवत नाही रे, बाळा," ते म्हणाले. "तूही ये."