वाहरूचा गाल

काठी गावचा वाहरू उडत्या माशीचा फक्त डावा पंख छाटायचा. उजव्यावर ती बिचारी घरी जायची. पटत नसेल तर त्या माशीला विचारा.

पण महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं, त्या होळीआधी त्याचा तीर बहकला. कधी उंच, कधी खाली. एकदा तर शेजारणीच्या आमटीत. आणि नेमकी होळीच्या भोंगऱ्या बाजारात मेहुण्याशी, गुलाबसिंगशी पैज लागलेली. हरेल त्याने आपला कामठा, म्हणजे धनुष्य, देऊन टाकायचा. वाहरूचा कामठा बापाने मरायच्या आधी केलेला.

त्याला बसवेना. बांबूची दोरी बदलली, आवळली, सैल केली. तिरांची पिसं उपटली, पुन्हा बांधली. जेवता जेवता उठायचा, तीर सोडायचा, येऊन घास घ्यायचा, तो हातात धरूनच पुन्हा पळायचा. कुत्रंसुद्धा अंगण सोडून गेलं. शेवटी बायको ठुमली भाकरी थापता थापता म्हणाली, “कामठ्याला कशाला छळतो? तुझा गाल कुठे गेला ते बघ.”

खरंच की. वाहरूने होळीची पाळणी धरली होती, आणि त्या व्रतात तंबाखूही सोडली होती. एरवी उजव्या गालात तंबाखूचा गोळा असायचा. दोरी ओढलेली मूठ त्या टेंगळाला टेकली की तीर सुटायचा. आता टेंगूळच नाही, तर मूठ कधी कानापाशी थांबे, कधी हनुवटीपाशी.

ठुमलीने त्याच्या गालात अख्खी सुपारी सारली. नेम जागेवर आला.

बाजारात चिंचेला भोपळा टांगला, त्यावर चुन्याचा टिपका. गुलाबसिंगचा तीर टिपक्याला चाटून रुतला. वाहरूने दोरी ओढली, तेवढ्यात मेहुणा गोड आवाजात म्हणाला, “दाजी, पाळणीत एकच गाल जेवतो का?”

वाहरूला हसू फुटलं आणि सुपारी पोटात गेली.

ढोल थांबलेले. लोक ओरडायला लागले, सोड म्हणून. वाहरू या पायावरून त्या पायावर नाचत ठुमलीपाशी गेला.

“मार,” तो हळूच म्हणाला.

“कुठे?”

“सुपारी होती तिथे.”

लग्नापासून साठलेलं सगळं तिने त्या एका हातात आणलं. गाल तंबाखूपेक्षाही सुबक फुगला. मूठ टेकली, तीर सुटला. टिपक्यातून, भोपळ्यातून आरपार गेला तो खांडबाऱ्याच्या स्टेशनावरच थांबला. पुढे गुजरात, आणि ते नुकतंच वेगळं झालेलं.

कामठा घरीच राहिला. होळी झाली, पाळणी सुटली, तंबाखू गालात परतली. तरी कुठे पैज लागली की ठुमली आपली बांगड्या मागे सारून उभी.